भिंतीत तार घालण्यापूर्वी संगणकात घालून पाहा

आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वायरिंगचे काम करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ होते, तेव्हाचा त्यांचा परवाना. नव्या घरात एक फेरी मारली की किती पॉइंट निघतील, किती बंडल तार लागेल आणि किती दिवस जातील, हे ते कागद न घेता सांगतात, आणि सहसा चुकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका दुमजली शोरूमचे काम त्यांच्याकडे जवळजवळ आलेच होते. मालक ओळखीचा, भाव पसंत. पण मालकाच्या इंजिनिअरने विचारले, "चाचा, काम तुमचे चांगले आहे, यात शंका नाही. पण लोड शेड्यूल आणि सिंगल लाइन डायग्राम कुठे आहे? मॉडेलमध्ये बसवून द्याल का?" उस्तादांकडे यातले काहीच नव्हते. काम नागपूरच्या ठेकेदाराकडे गेले. पुढे त्याच ठेकेदाराने त्याच इमारतीत तार ओढायला उस्तादांना रोजीवर बोलावले. घरखर्च चालायचा होता, म्हणून ते गेलेही.

ही एकट्या उस्तादांची गोष्ट नाही. वायरमन, फर्निचरवाले, भाताच्या गिरणीवाले, वेल्डिंगचे दुकानदार अशा अनेकांकडून आम्ही असेच काहीसे ऐकले आहे. म्हणून या वेळी इमारतीतील विजेची वाटणी संगणकावर कशी मांडतात, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे सोप्या भाषेत सांगण्याचे आम्ही ठरविले. हा विषय फक्त इंजिनिअरांचा आहे असे समजून कोणी पान उलटू नये. ज्याच्या दुकानात मीटर आहे, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

वीज आपल्या दारातली, तरी अडचण आपलीच

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. येथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची, दीड हजार मेगावॉट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील वीज राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाते. तरीही आपल्याच गावात मे महिन्याच्या दुपारी रंध्याची मोटर घरघर करते आणि चालू होत नाही, हा अनुभव कोणाला नाही?

याची दोन कारणे या भागाला विशेष लागू पडतात. पहिले कारण अंतर. जंगलातून गेलेल्या लांब लाइनच्या शेवटी असलेल्या गावात व्होल्टेज मुळातच कमी येते. गडचिरोली जिल्ह्यात हे अधिक जाणवते. दुसरे कारण उष्णता. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणे नवलाचे नाही. त्यात आपले कारखाने बहुधा टिनाच्या छपराखाली. छपराखालची हवा बाहेरच्यापेक्षाही गरम. तारेवरचा आकडा मात्र कंपनीने ४० अंशांच्या हवेत मोजलेला असतो. हा फरक किती महागात पडतो, ते पुढे हिशेबानिशी सांगतो.

नकाशा वेगळा, मॉडेल वेगळे

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ऑटोकॅड हे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आले. त्याने ड्राफ्ट्समनच्या टेबलावरची पट्टी आणि पेन्सिल संगणकात नेली. पण त्यातील रेघ ही रेघच. तुम्ही दिव्याची खूण काढली तरी तो दिवा आहे, ४० वॅटचा आहे, अमुक एमसीबीवर आहे, हे त्या रेघेला ठाऊक नसते.

नंतर आलेल्या सॉफ्टवेअरांत गोष्ट बदलली. रेव्हिट हे त्यातले बहुपरिचित नाव. ते २००० साली आले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतले. यात भिंत ठेवली तर तिला जाडी असते, आणि पंखा ठेवला तर त्याला व्होल्टेज आणि वॅट असतात. पंखा कोणत्या बोर्डाला जोडला ते सांगितले की त्याचा भार त्या बोर्डात आपोआप मिळवला जातो. तो बोर्ड ज्या मेन बोर्डाला जोडला, तेथेही बेरीज पोहोचते. याला इमारतीचे मॉडेल म्हणतात.

आमच्या भातशेतीवाल्या वाचकांना हे चटकन समजेल. तलावातून मोठी नहर निघते, नहरीतून वितरिका, वितरिकेतून लहान पाट आणि पाटातून बांधीत पाणी. टोकाच्या बांधीला किती पाणी लागेल हे ठाऊक नसेल तर नहर किती रुंद खोदायची हे कसे ठरणार? म्हणून हिशेब टोकाकडून तलावाकडे करावा लागतो. इमारतीतही तसेच. मीटर हा तलाव, मेन बोर्ड ही नहर, मजल्यामजल्यावरचे डिस्ट्रिब्युशन बोर्ड या वितरिका आणि दिवे, सॉकेट, मोटरी या बांध्या. पाणी तलावाकडून येते, हिशेब मात्र बांधीकडून करायचा असतो. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी बाजारातून मेन स्विच आणि केबल येते, मग तिच्यावर काय काय लटकते ते हळूहळू ठरते.

मोठ्या कामांत ही पद्धत आपल्या विदर्भात येऊन पोचली आहे. नागपूर मेट्रोच्या बांधकामात अशाच मॉडेलचा वापर झाला आणि त्याला वेळ व खर्च यांचीही जोड देण्यात आली. म्हणून त्यास पाच मितींचे मॉडेल म्हणतात. या मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. मेट्रोचे काम आपल्याला मिळणार नाही हे खरे. पण आज जे मोठ्या कामात मागितले जाते, ते उद्या शाळेच्या, रुग्णालयाच्या आणि परवा शोरूमच्या कामातही मागितले जाते. उस्तादांच्या बाबतीत तो परवा आधीच येऊन गेला.

एका कारखान्याचे उदाहरण

आता एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण आम्ही समजावण्यासाठी मांडले आहे. खाली फर्निचरचा कारखाना, वर शोरूम. रस्त्यावरील मीटरपासून कारखाना १०० मीटर आत.

पहिली पायरी, विजेची जात सांगणे. सॉफ्टवेअर उघडल्यावर सर्वप्रथम येथे कोणत्या व्होल्टेजची वीज आहे ते सांगावे लागते. आपल्याकडे तीन फेज ४१५ व्होल्ट आणि एक फेज सुमारे २४० व्होल्ट. येथेच नवशिका फसतो. सॉफ्टवेअर अमेरिकी असेल तर तयार नमुन्यात तिकडचे १२० व २०८, किंवा २७७ व ४८० व्होल्ट भरलेले असतात. ते न बदलता काम सुरू केले तर आपला पंखा कोणत्याच बोर्डाला जोडला जात नाही आणि सॉफ्टवेअर बिघडले असे वाटते. सॉफ्टवेअर बिघडलेले नसते, व्होल्टेज जुळत नसते.

दुसरी पायरी, भारांची यादी. मोटरींचे असे: सर्क्युलर सॉ ५.५ किलोवॅट, रंधा ३.७, बँड-सॉ ३.७, भुसा ओढणारा पंखा २.२ आणि कॉम्प्रेसर २.२. हे सर्व तीन फेजवर, बेरीज १७.३ किलोवॅट. एक फेजवर हातमशिनींचे सॉकेट ३, कारखान्यातील दिवे-पंखे १.५, शोरूमचे दिवे १, दोन एसी प्रत्येकी १.७, लहान खराद ०.७५ आणि पाण्याची मोटर ०.७५. बेरीज १०.४. एकूण जोडलेला भार २७.७ किलोवॅट. (मोटरच्या पाटीवरील आकडा ती बाहेर देते त्या शक्तीचा असतो, आत ती थोडी अधिक घेते. समजण्यास सोपे जावे म्हणून तो फरक येथे धरलेला नाही. प्रत्यक्षात धरावा.)

तिसरी पायरी, एका वेळी किती चालते? सर्व यंत्रे एकदम पूर्ण जोरात कधीच चालत नाहीत. कारागीर दोन असतील तर पाच यंत्रे कोण चालवणार? म्हणून प्रत्येक प्रकाराला एक गुणक देतात. समजा मोटरींना ६० टक्के, सॉकेटना ५० टक्के, दिवे-पंख्यांना ९० टक्के, एसींना पूर्ण आणि खराद व पाण्याच्या मोटरीला ५० टक्के. मग खरी मागणी सुमारे १८.३ किलोवॅट निघते. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ती सुमारे २३ केव्हीए होते आणि प्रत्येक फेजमधून सुमारे ३२ अँपिअर वाहतात. हे गुणाकार सॉफ्टवेअर करते, पण गुणक आपण द्यायचे. कारखाना कसा चालतो हे मालकाला आणि मिस्त्रीला ठाऊक असते, संगणकाला नाही. येथे आळस केला तर पुढचे सर्व आकडे सुंदर दिसतात आणि चुकीचे असतात.

या पायरीचा मालकाला थेट फायदा आहे. २७.७ चा आकडा पाहून गरजेपेक्षा मोठा भार मंजूर करून घेतला तर अनामत आणि दरमहाचा आकार वाढण्याचा संभव. भीतीपोटी फारच कमी मागितला तर उद्या दंड किंवा वारंवार उडणारा मेन. हिशेब हातात असला की अर्जात नेमके काय लिहायचे ते कळते.

चौथी पायरी, बोर्ड ठेवणे व सर्किट जोडणे. मेन बोर्ड कोठे, कारखान्याचा बोर्ड कोठे, शोरूमचा कोठे हे मॉडेलमध्ये ठेवायचे. मग एकेक दिवा, सॉकेट, मोटर निवडून सर्किट करायचे आणि ते बोर्डाला जोडायचे. जोडणी पूर्ण झाली की प्रत्येक बोर्डाचा तक्ता तयार होतो: कोणत्या एमसीबीवर काय, किती अँपिअर, कोणत्या फेजवर किती भार. हाच तो लोड शेड्यूल, जो उस्तादांना मागितला होता. पुढे एक यंत्र वाढले तर सर्व कागद नव्याने करावे लागत नाहीत. मॉडेलमध्ये ते यंत्र घातले की तक्ता बदलतो.

तीन फेज, तीन भाऊ

आता या तक्त्याची पहिली कमाई पाहा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सोयीने जोडणी होते. शोरूमचा एकच पाइप वर गेला म्हणून दोन्ही एसी, शोरूमचे दिवे आणि जाता जाता कारखान्याचे दिवे-पंखे हे सर्व लाल फेजवर. सॉकेट पिवळ्यावर. खराद आणि पाण्याची मोटर निळ्यावर. हिशेब केला तर लाल फेजवर ५.९ किलोवॅट, पिवळ्यावर ३ आणि निळ्यावर फक्त १.५. तीन भावांपैकी एकावर घराचा सारा बोजा!

भार असा असमान असला की उरलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत जातो. वरील जोडणीत सर्व चालू असताना न्यूट्रलमधून सुमारे १६ अँपिअर वाहतील. आता तेच भार असे वाटा: लाल फेजवर एक एसी आणि कारखान्याचे दिवे-पंखे, म्हणजे ३.२. पिवळ्यावर दुसरा एसी, शोरूमचे दिवे आणि पाण्याची मोटर, म्हणजे ३.४५. निळ्यावर सॉकेट आणि खराद, म्हणजे ३.७५. न्यूट्रलचा प्रवाह सुमारे २ अँपिअरवर येतो. तार तीच, यंत्रे तीच, खर्च जवळपास तोच. फक्त वाटणी बदलली.

न्यूट्रलची एवढी चिंता कशासाठी? कारण तो तापून किंवा ढिला राहून तुटला, तर एक फेजवरील उपकरणे २४० व्होल्टवर राहत नाहीत. ज्या फेजवर भार कमी, तिकडे व्होल्टेज चढते, कधी कधी ४१५ च्या जवळपास. एका रात्रीत दुकानातले सर्व एलईडी, टीव्ही, मोबाइलचे चार्जर गेले, असे जे आपण ऐकतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते. आणि असमानता जितकी जास्त, तितका हा धक्का मोठा.

टिनाच्या छपराखालची केबल

आता उष्णतेचा हिशेब. आपली मागणी ३२ अँपिअर. बाजारात चौकशी केली तर पीव्हीसी आवरणाची, चार कोअरची, १० चौरस मिलिमीटर अॅल्युमिनिअम केबल हवेत सुमारे ४० अँपिअर सोसते असे पुस्तिकेत लिहिलेले सापडते. ३२ पेक्षा ४० मोठे, म्हणजे पुरेल, असे वाटते.

पण ते ४० अँपिअर ४० अंशांच्या हवेत. पीव्हीसी केबलच्या तारेला साधारणतः ७० अंशांपर्यंतच तापू द्यायचे असते. हवा ४० अंशांवर असेल तर तापण्यास ३० अंशांची जागा मिळते. छपराखालची हवा ५० अंशांवर गेली की २० अंशांचीच उरते. त्यामुळे क्षमता सुमारे ८२ टक्क्यांवर येते. ४० चे झाले ३३. आणि ती केबल दुसऱ्या भारित केबलला चिकटवून, एकाच पट्टीने बांधून नेली, तर दोघी एकमेकींना तापवतात. आणखी सुमारे २० टक्के घट. ३३ चे झाले २६. मागणी ३२ आणि केबलची ताकद २६! ही केबल पहिल्या दिवशी जळत नाही. ती दर उन्हाळ्यात थोडी थोडी भाजत राहते, आवरण कडक होते, तडकते, आणि एके दिवशी भुशाच्या ढिगाजवळ ठिणगी पडते.

अशी एक जागा आम्ही उस्तादांबरोबर प्रत्यक्ष पाहिली आहे. आग वेळेवर विझली, माणसे वाचली, पण पॉलिश केलेला सारा माल गेला. ग्राहकांचे आगाऊ पैसे घेतलेले होते. केबल अगदी याच पद्धतीने, तीन एकत्र बांधून, टिनाला लागून नेलेली होती. उस्तादांनी काळवंडलेला तुकडा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अशी मीपण कितीतरी ठिकाणी बांधली आहे." त्या दिवसापासून त्यांनी या विषयाकडे मनापासून पाहायला सुरुवात केली.

मग योग्य काय? नियम साधा आहे. ब्रेकर मागणीपेक्षा मोठा आणि केबल ब्रेकरपेक्षा मोठी असावी. ३२ अँपिअरच्या मागणीला ४० चा ब्रेकर घेतला तर केबलची ताकद त्या छपराखालीही ४० हून अधिक हवी. १६ चौरस मिलिमीटरची केबल पुस्तिकेत सुमारे ५१ अँपिअरची. ५० अंशांत ती ४२ च्या आसपास येते. म्हणजे ती एकटी, मोकळी नेली तर चालते. इतर केबलबरोबर बांधणारच असाल तर २५ चौरस मिलिमीटर घ्यावी लागेल. सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि शेजारच्या केबलची माहिती भरली तर असा निर्णय तेथेच दिसतो. भरली नाही तर ते मुकाट्याने तयार नमुन्यातलेच तापमान धरते.

अंतराचेही तसेच. त्या १०० मीटरमध्ये ३२ अँपिअर वाहताना १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये सुमारे १६ व्होल्ट, म्हणजे ४ टक्के गळतात. १६ मध्ये सुमारे १०.५ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के. २५ मध्ये सुमारे पावणेसात व्होल्ट, म्हणजे १.६ टक्के. दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर उपयोगासाठी ५ टक्के ही घसरणीची सर्वमान्य मर्यादा आहे. यात मोटरीच्या सुरुवातीचा झटका धरलेला नाही. थेट चालू होणारी मोटर त्या क्षणी पाच ते सात पट प्रवाह ओढते. लाइनच्या टोकाच्या गावात आधीच व्होल्टेज पडलेले असेल तर हीच घसरण मोटरला घरघर करायला लावते. टोकाच्या बांधीत पाणी न पोचण्याचाच हा प्रकार.

संगणकाला काय कळत नाही

येथवर वाचून कोणाला वाटेल की सॉफ्टवेअर घेतले की मिस्त्रीची गरज संपली. तसे मुळीच नाही. मॉडेलमध्ये प्रत्येक जोड घट्ट असतो. भिंतीत तो तसा असेलच असे नाही. ढिला लग, अॅल्युमिनिअमची तार थेट तांब्याच्या पट्टीला आवळलेली, किटकॅट फ्यूजमध्ये जाडी तार, कोरड्या जमिनीत नावापुरते अर्थिंग: यातले काहीही पडद्यावर दिसत नाही. ते टाँग टेस्टर, मेगर आणि अनुभवी बोटांनाच कळते.

दुसरे असे की सर्व सॉफ्टवेअर सर्व हिशेब करीत नाहीत. इमारतीचे मॉडेल करणारे सॉफ्टवेअर भारांची बेरीज आणि तक्ते चांगले देते. पण शॉर्ट सर्किट झाल्यास किती हजार अँपिअर वाहतील, कोणता ब्रेकर आधी पडेल, याचा खोलवर अभ्यास करण्यासाठी वेगळी साधने असतात. ईटॅप हे त्यातले जुने नाव, १९८०च्या दशकापासूनचे. लहान कारखान्याला त्याची गरज सहसा पडत नाही. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्याला मात्र पडते.

तिसरे, मॉडेल म्हणजे परवाना नव्हे. काम परवानाधारकानेच करायचे, टेस्ट रिपोर्टवर सही त्याचीच लागते आणि वीज निरीक्षकांचे नियम पाळावेच लागतात. हातमशिनी चालणाऱ्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला नाही, तर नकाशा कितीही देखणा असो, कारागिराचा जीव धोक्यातच आहे.

सुरुवात कशी करावी

महागड्या सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी लहान ठेकेदाराला परवडत नाही, हे आम्हास ठाऊक आहे. कोणाकडून चोरीची प्रत आणून धंदा करावा, असा सल्ला आम्ही देणार नाही. त्याची गरजही नाही. पहिली पायरी फुकट आहे. वही किंवा संगणकातील साधी स्प्रेडशीट घ्या आणि वर दिला तसा भारांचा तक्ता करा: उपकरण, किलोवॅट, फेज, गुणक, अँपिअर, केबल, ब्रेकर. सॉफ्टवेअरचा निम्मा फायदा या तक्त्यातच आहे.

दुसरी पायरी, सिंगल लाइन डायग्राम. मीटरपासून शेवटच्या बोर्डापर्यंतची वाट एका रेघेने दाखवणारा हा नकाशा. त्यासाठी क्यूइलेक्ट्रोटेक हे मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर मिळते. आयटीआय झालेला मुलगा ते चार-आठ दिवसांत हाताळू लागतो.

तिसरी पायरी, पूर्ण मॉडेल. घरात कोणी डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग शिकत असेल तर ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरे विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मोफत मिळतात. त्यावर धंद्याचे काम करता येत नाही, पण हात बसतो. हात बसला की एखाद्या कामापुरते दोन-तीन ठेकेदारांनी मिळून खर्च वाटून घेणे, किंवा मॉडेल करणाऱ्याला कामाच्या हिशेबाने पैसे देणे, हे जमण्यासारखे आहे. ठेक्याचा भाव देताना नकाशा आणि तक्ता यांची मजुरी वेगळी दाखवावी. पॉइंटच्या भावात ती बुडवू नये, नाहीतर या मेहनतीचे मोल कोणी धरणार नाही.

दुकानदार आणि कारखानदार बंधूंना एवढेच सांगणे आहे की, नवे बांधकाम करताना वायरमनकडून हे कागद मागा आणि त्याचे पैसे द्या. एक प्रत मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. रात्री काही बिघडले तर कोणता एमसीबी पाडायचा हे चाचपडत शोधावे लागणार नाही.

उस्तादांचे पुढे काय झाले? त्यांचा भाचा आयटीआय करून घरीच होता. आता तो संगणकावर बसतो आणि उस्ताद शेजारी. गेल्या कामात भाच्याने कारखान्याचा बोर्ड मॉडेलमध्ये अगदी नेटका, मधल्या भिंतीवर ठेवला होता. आकडे बरोबर, फेज समान, केबल कमी. उस्तादांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "या भिंतीच्या पलीकडे काय आहे?" पलीकडे पॉलिशची खोली होती, थिनरचे डबे तेथेच राहतात. भाच्याने बोर्ड उचलून दाराजवळच्या भिंतीवर नेला. केबल सात मीटर वाढली, तक्ता आपोआप बदलला. ते काम त्यांना मिळाले, आणि या वेळी ठेका उस्तादांच्याच नावावर होता.